पान उतरते तेव्हा : औद्योगिक संगीत, हलगी आणि थांबण्याचा हक्क

यंदाच्या चैत्रात आम्ही चौघे वेल्ह्याच्या खोऱ्यातील एका गावच्या जत्रेला गेलो होतो. तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले आहे. लोक अजून वेल्हेच म्हणतात. देवदर्शनाचा प्रश्नच नव्हता. तेथे जे ताफे वाजतील ते सकाळपासून रात्रीपर्यंत नीट ऐकायचे, एवढाच बेत होता. बरोबर शाळेपासूनचा एक मित्र होता. तो शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतो. भोर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या मातंग समाजातील, आणि त्यांचे वडील आयुष्यभर वाजंत्री होते. चौथा माझा विद्यार्थी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा.

नसरापूर फाट्यावरून वडापची जीप वेल्ह्याच्या रस्त्याला लागली तेव्हा त्या विद्यार्थ्याने आपल्या मोबाइलच्या श्रवणयंत्राचे एक टोक माझ्या कानात घातले. पत्र्यावर घण पडत होते, ड्रिल चालू होते आणि मध्येच एक माणूस किंचाळत होता. तो म्हणाला, "सर, ही माणसं भंगार गोळा करून त्याची वाद्यं करतात. प्रस्थापित संगीताला नकार देतात. हा विद्रोहच आहे. मग हे आपलंच संगीत नाही का? आपल्याकडं यावर कुणी लिहीत का नाही?"

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. वेदना, नकार, विद्रोह हे शब्द आपल्याच समीक्षेने त्याला शिकवले आहेत, आणि त्याच मापाने तो बर्लिनचा आवाज मोजत होता. माप बरोबर असेल तर त्याचे म्हणणेही बरोबर ठरते. ते ठरत नसेल तर आपल्या मापातच काही उणे आहे. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहिला आहे.

ज्याला 'इंडस्ट्रियल म्युझिक' म्हणतात, त्याला आपण औद्योगिक संगीत म्हणू. त्याची वंशावळ थोडक्यात अशी. १९१३ साली लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने 'गोंगाटाची कला' नावाचा जाहीरनामा काढला. यंत्रयुगाच्या कानाला जुने सूर पुरत नाहीत, कारखान्याचा, रेल्वेचा, शहराचा गोंगाट संगीतात आला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी त्याने कर्णे बसवलेली खोकी तयार केली. ती घरघरत, फुत्कारत. रुसोलो ज्या भविष्यवादी गटातला होता त्या गटाने वेगाचे, यंत्राचे आणि युद्धाचेही गोडवे गायले, आणि त्याचा म्होरक्या मारिनेत्ती पुढे मुसोलिनीच्या छावणीत गेला. त्यांनी यंत्र ऐकले. यंत्रापाशी उभा असलेला माणूस त्यांना ऐकू आला नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, रशियन क्रांतीच्या पाचव्या वर्धापनदिनी, बाकू शहरात आर्सेनी अव्रामोव याने अख्ख्या बंदराचे वाद्य केले. कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे, तोफा आणि माणसांचे समूहगान, या सर्वांना तो उंचावरून निशाणे दाखवून इशारे देत होता. जो भोंगा रोज कामगाराला कामावर हाकतो तोच भोंगा त्या दिवशी कामगाराच्या सणासाठी वाजला. गिरणगावात ज्यांचे बाप-आजे राबले त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आज ज्याला औद्योगिक संगीत हे नाव आहे ते मात्र १९७६ सालचे. त्या वर्षी लंडनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या चौघांच्या गटाने आपली स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली आणि तिच्या नावातच 'औद्योगिक' हा शब्द घातला. संगीत हाही कारखान्यातला माल झाला आहे, हे त्यांना उपरोधाने सांगायचे होते. येथवर ठीक आहे. पण कंपनीचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी आउशवित्झच्या छळछावणीतील प्रेते जाळण्याच्या भट्टीचे छायाचित्र घेतले. आधुनिक उद्योग आणि आधुनिक कत्तल यांची रीत एकच आहे, हे दाखवण्याचा हेतू असेल; तो हिणकस होता असे मी म्हणणार नाही. तरीही विचारावे लागते, की ज्यांचे आप्त त्या भट्टीत गेले त्यांनी हे चित्र तबकडीवर छापायला दिले असते काय? दुसऱ्याने भोगलेली वेदना धक्का देण्यासाठी उसनी घेता येते. आपल्या साहित्यात अनुभवाच्या प्रामाणिकतेवर जो वाद झाला तो याच ठिकाणी येऊन थांबतो.

१९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' हा गट उभा राहिला. नावाचा अर्थ कोसळत्या नव्या इमारती. लोखंडी पत्रे, स्प्रिंगा, घण, ड्रिल ही त्यांची वाद्ये. विद्यार्थी मला ऐकवत होता ते हेच. जानेवारी १९८४ मध्ये या गटातील काहींनी इतरांसह लंडनच्या एका प्रतिष्ठित कलासंस्थेत असा प्रयोग केला, की रंगमंचाच्या फळ्यांनाच ड्रिल लागले. अर्ध्या तासाच्या आत व्यवस्थापनाने तो बंद पाडला. आणि १९८१ साली लंडनमध्येच 'टेस्ट डिप्ट' नावाचा गट निघाला. तोही भंगाराच्या लोखंडावरच वाजवी. १९८४-८५ मध्ये ब्रिटिश खाणकामगारांचा वर्षभराचा संप झाला तेव्हा हा गट साऊथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाबरोबर उभा राहिला. त्यांनी एकत्र कार्यक्रम केले आणि एकत्र ध्वनिमुद्रिका काढली. घण तेच, भंगार तेच. पण आता लोखंडावर पडणाऱ्या घणाशेजारी ज्याने कामावरचा घण खाली ठेवला आहे तो माणूस उभा होता.

ही गोष्ट लक्षात ठेवून आता जत्रेकडे येऊ.

सकाळी देवळापुढे हलगी, घुमकं, कैताळ आणि सनई असा ताफा होता. पाच माणसे, सगळी मातंग वस्तीतली. वादन अस्सल होते. जाड टिपरूचा ठोका आणि बारीक काडीची तडतड यांच्या मधल्या जागेत हलगीवाला जो खेळ करत होता तो ऐकून माझा विद्यार्थी कानातले यंत्र काढून उभा राहिला. पाचही जण देवळाच्या पायऱ्यांखाली, उन्हात उभे होते. पायरी चढायला त्यांना कुणी मना केल्याचे दिसले नाही. मना करावे लागत नाही. जागा ठरलेली आहे.

दुपारी पाहुण्यांच्या स्वागताला भोरचा ब्रास बँड आला. लाल कोट, खांद्यावर झुली, सिनेमाची गाणी. शिकलेली माणसे या बँडला हसतात. मला हसू येत नाही. पलटणीच्या बँडातून उतरलेला तो कोट भूमिहीन माणसाला अंगावर घालायला मिळाला आणि त्याच्याबरोबर एक नवी गोष्ट मिळाली, ती म्हणजे सुपारी. इतके तास, इतकी माणसे, इतके पैसे. वेळ संपली की ट्रम्पेट पेटीत. दुपारी तीनला त्यांनी खरोखरच वाद्ये पेटीत घातली आणि कुणी हुं की चूं केले नाही.

मग ढोल-लेझीम. गावातले आणि शेजारच्या वाड्यांतले तरुण, बहुतेक मराठा घरांतले. आपल्या मावळपट्ट्यातील ढोल-लेझमाची कला मोठी आहे; येथल्या भागातील पथके पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत जात. १९७० नंतर पुण्यातील शाळा-संस्थांची पथके निघाली आणि आज हजारो शहरी मुले-मुली हौसेने ढोल बांधतात. येथेही पोरे मन लावून खेळत होती. दमली की थांबत, सरबत पीत, पुन्हा डाव धरत. थांबण्याबद्दल त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. कातडे तेच, काठीही जवळपास तीच; पण कुणासाठी ती हौस आणि कुणासाठी ते काम, हे कातडे ठरवीत नाही.

संध्याकाळी छबिना निघाला. हलगीचा ताफा सकाळपासून वाजत होता. पालखी देवळाशी परत आल्यावर एक पुढारी उशिरा आले, आणि त्यांच्यासाठी पुन्हा एकदा वाजवा, असा हुकूम सुटला. ताफ्यातला सर्वांत वयस्क हलगीवाला काही न बोलता बाजूच्या शेकोटीपाशी गेला आणि म्हणाला, "पान उतरलंय. शेकू द्या." हलगीचे कातडे गार हवेने सैल पडते, मग ते आगीवर धरून ताणावे लागते. तो जाळापुढे उकिडवा बसला, हलगी फिरवत राहिला, कुणीतरी चहा दिला तो प्याला. पंधरा मिनिटे गेली. पुढारी कंटाळून दर्शनाला आत गेले.

पान खरोखर उतरले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. बाई हळूच हसल्या. म्हणाल्या, "माझे वडील असंच करायचे. आता पोरं फायबरचं पान बसवतात, नटबोल्टानं आवळायचं. पावसात भिजलं तरी उतरत नाही. सोय झाली, पण बसायला निमित्त राहिलं नाही."

प्रेसवरचा मित्र म्हणाला, "आमच्या मशीनचंबी पान उतरत नाही."

माझ्या मते विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. ते उलगडून सांगायचे तर थोडे मागे जावे लागते.

हलगी वाजवणे ही आपल्याकडे कला म्हणून सुरू झालेली गोष्ट नाही. ती गावकीतील चाकरी होती. सण, लग्न, मर्तिक, दवंडी, कुणाच्याही बोलावण्यावर वाजवायचे, बोलावणारा थांब म्हणेपर्यंत वाजवायचे, आणि मोबदल्यात बलुते, उष्टे, उतरलेले कापड घ्यायचे. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. १९२७ साली त्या महाडला बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे टाकण्याची हाक दिली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. या तीस वर्षांत गावोगावच्या महारवाड्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले तसे गावासाठी वाजवणेही सोडले. माझ्या आजोबांनी हलगी अशीच टाकली. गावाने वाळीत टाकले, पण हलगी पुन्हा उचलली गेली नाही. आपल्या घराण्यात एक वादक होता आणि त्याने वादन बंद केले, याचा मला अभिमान आहे. आपल्या सांस्कृतिक इतिहासात ही शांतता एखाद्या महाकाव्याच्या तोलाची आहे, असे मी वर्गात शिकवतो.

जत्रेत हे मी बोलून दाखवले तेव्हा बाईंनी मला अडवले. "सर, तुमच्या आजोबांनी हलगी टाकली त्याचं तुम्ही भाषण करता. माझ्या वडिलांनी वाजवली, त्या सुपारीच्या पैशांवर मी डी.एड. झाले. यात बंड कुणाचं मोठं, ते सांगा. आणि हेही सांगा, की तुमच्या वस्तीतल्या लग्नात माझ्या वडिलांचं ताट कुठं मांडलं जायचं?"

मला उत्तर देता आले नाही. जे आपण टाकले ते मातंगांच्या गळ्यात राहिले, आणि ज्यांच्या गळ्यात राहिले त्यांना आपण मागासलेले म्हणून नावे ठेवली. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एकत्र लिहिले. त्या मुलीने जो शब्द जोडून लिहिला तो आपण वाद्यापाशी तोडला. हलगी टाकणे हा मुक्तीचा मार्ग होता. वाजवणाऱ्याला टाकणे हा नव्हता.

तमिळनाडूत पराई या चर्मवाद्याबाबत हाच वाद झाला. मर्तिकाला वाजवण्याची सक्ती नाकारून काहींनी पराई टाकली. काहींनी तीच चळवळीचे वाद्य म्हणून हाती घेतली. २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या बँडने जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला. त्यात गाना, रॅप, गिटार आणि चर्मवाद्ये एका मंचावर आली. नावामागे अयोती दास पंडितर यांची 'जातिविहीन तमिळ' ही कल्पना आहे. दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. टाकणाऱ्याने आणि उचलणाऱ्याने, दोघांनीही वाद्य कधी वाजेल आणि कधी वाजणार नाही हे ठरवण्याचा अधिकार बोलावणाऱ्याच्या हातून काढून घेतला.

मापातले उणे ते हेच. गोंगाट, नकार आणि विद्रोह यांवरून संगीताची जात कळत नाही. कळते ती एका साध्या प्रश्नावरून : वाजवणाऱ्याला थांबता येते काय? बर्लिनच्या वादकाला घण केव्हाही खाली ठेवता येतो, म्हणून त्याच्या हातात घण हे वाद्य होते. माझ्या मित्राला पाळी संपेपर्यंत प्रेस थांबवता येत नाही, म्हणून त्याच्या हातात ते वाद्य होत नाही. याने बर्लिनच्या वादनाचे मोल शून्य होत नाही. लोखंडातला आवाज त्यांनी ऐकवला, हे खरे आहे. पण ते आपले आहे की नाही हे त्या आवाजावरून ठरणार नाही. 'टेस्ट डिप्ट' काम थांबवणाऱ्यांच्या शेजारी उभे राहिले, त्या दिवसापुरते ते नक्की आपले होते. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी गिरण्या थांबवल्या. ज्या गिरणगावाने १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची डफ-तुणतुणी ऐकली, त्याच गिरणगावात आता भोंग्याचा हुकूम ऐकायला कामगार उरला नाही. संप हरला. पण औद्योगिक संगीताचा इतिहास लिहिताना लंडन आणि बर्लिनच्या शेजारी त्या न ऐकलेल्या भोंग्याचीही नोंद झाली पाहिजे.

रात्री डीजे आला. ट्रकवर भिंतीएवढे ध्वनिक्षेपक, मागे जनरेटर. ट्रकपुढे नाचणारी पोरे बहुतेक महामार्गावरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी. मित्राने कानात कापूस घातला. "आठ तास हेच ऐकतो रे. तिथं निदान पैसे मिळतात." २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कारखान्याच्या आत मात्र कामगाराच्या कानाला आठ तास ९० डेसिबल चालतात. माणूस एकच, घरी तो नागरिक असतो, पाळीवर तो यंत्राचा भाग असतो. त्याचा कान पाळीवर जितका बधिर होतो तितका त्याला रात्री मोठा आवाज लागतो. त्या पोरांना संस्कृतिहीन म्हणणारे संपादकीय लिहिणे सोपे आहे. त्यांच्या कानाचा हिशेब मांडणे अवघड आहे.

हा हिशेब आपल्या दारीही येतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तोच ट्रक आपण आणतो. गाणे भीमाचे असते, पण त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, शेजारच्याशी बोलता येत नाही आणि कुणाला थांबवताही येत नाही. ज्या समाजाने थांबण्याचा हक्क मिळवण्यासाठी वाळीत पडणे पत्करले, त्याने न थांबणारे यंत्र भाड्याने आणावे, यावर आपण कार्यकर्त्यांनी बोलले पाहिजे. वर्गणी आपलीच आहे. त्या वर्गणीत हलगीचा एक ताफा येतो. ठरलेल्या तासांचा, ठरलेल्या पैशांचा, आणि आपल्याच पंगतीत ताट असलेला. बाईंच्या प्रश्नाचे एवढे तरी उत्तर आपल्याला देता येईल.

परतीच्या वाटेवर विद्यार्थ्याने विचारले, "मग सर, मी ते बर्लिनचं ऐकू की नको?" मी म्हटले, जरूर ऐक. पण घण वाजतो तेव्हा तो कुणाच्या हातात आहे, आणि त्याला तो खाली ठेवता येतो का, हे विचारत ऐक. त्याने मान हलवली. पुढच्या बाकावर माझा मित्र झोपी गेला होता. सकाळी सातला त्याची पाळी होती.